डाळ सोडू नका, पावडरीचा डबा आणू नका

आमवातावर लिहिलेल्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या : ताटातल्या प्रथिनांची भीती आणि डब्यातल्या प्रथिनांवर गाढ विश्वास. मी मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवत आले, आणि ही दोन्ही टोकं पाहून मला खरोखर काळजी वाटते. म्हणून या वेळी पाच पत्रं याच विषयावरची घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून आमवात आहे. वय ४७, वजन ४८ किलो. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. तूरडाळ, हरभरा, वाटाणा, अंडी, दही हे सगळं वातूळ आणि सूज वाढवणारं, म्हणून सासूबाईंनी घरात माझ्यासाठी बंद केलं. आता भाकरी, दोडका-पडवळाची भाजी आणि मुगाचं पाणी. दंड इतके बारीक झालेत की पिठाचा डबा फळीवरून उतरवता येत नाही. मुलगा जिमला जातो. त्याने ग्लुटामिन आणि अर्जिनीन अशा दोन पावडरी आणल्या. म्हणतो, याने प्रतिकारशक्ती वाढते. पण डॉक्टर तर म्हणाले होते की प्रतिकारशक्ती चेकाळली म्हणूनच हा आजार. मग ती आणखी वाढवायची का? की उपाशी ठेवायची? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी उत्तर, मग कारण. डाळ आजच्या जेवणापासून सुरू करा. दोन्ही डबे मुलाला परत द्या.

तुमच्या प्रश्नात एक विचार दडलेला आहे, आणि तो अगदी रास्त आहे : प्रतिकारशक्तीच्या पेशी अमिनो आम्लांवर वाढत असतील तर ती तोडली की त्या शांत होतील. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक; डब्यातलं ग्लुटामिन आणि अर्जिनीन ही त्यांपैकीच दोन. अन्नातली डाळ असो वा अंडं, आतड्यात त्याचे हे घटक सुटे होतात आणि रक्तात येतात. प्रतिकारशक्तीच्या पेशींना ते लागतात हे खरंच आहे. नुसते लागत नाहीत, तर त्या पेशीने लढायचं की गप्प बसायचं हेसुद्धा बऱ्याच अंशी त्यांवर ठरतं.

टी पेशी ही प्रतिकारशक्तीची एक लढाऊ पेशी. ती विश्रांतीत असते तेव्हा ती लहानशी आणि अल्पभूक असते. तिला शत्रू दिसला (आमवातात ती आपल्याच सांध्याला शत्रू समजते) की एका दिवसात ती फुगते आणि मग भराभर विभागायला लागते. त्याआधी ती आपल्या पृष्ठभागावर अमिनो आम्लं आत घेणारी दारं उघडते. अशाच एका दाराचं नाव लॅट-वन. ल्युसीन आणि त्याच्या जातीची अमिनो आम्लं त्यातून आत जातात. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की हे दारच नसलेल्या उंदरांच्या टी पेशींना चिथावणी मिळाली तरी त्यांची फौज तयार होत नाही. ल्युसीन आत आलं की पेशीतलं एमटॉर नावाचं नियंत्रण-केंद्र जागं होतं आणि 'वाढा' असा हुकूम सुटतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना रॅपामायसिन देतात ते याच केंद्राला दाबण्यासाठी.

मग ल्युसीन खाणंच सोडलं तर? इथेच शरीराचा हिशेब वेगळा आहे. रक्तातली अमिनो आम्लं फक्त ताटातून येत नाहीत. तुमच्या शरीराकडे त्यांचं मोठं कोठार आहे, आणि ते म्हणजे स्नायू. ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात दाखवलं की लिम्फोसाइट (टी पेशींचं कूळ) आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी ग्लुकोजच्या जोडीने ग्लुटामिनही मोठ्या वेगाने वापरतात, अगदी विश्रांतीतसुद्धा. हे ग्लुटामिन रक्तात सोडण्याचं मोठं काम स्नायू करतात. सांध्यात दाह चालू असताना टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असे रासायनिक संदेश रक्तातून फिरतात आणि स्नायूंना सांगतात : मोडा, माल पाठवा. त्या मालातून यकृत सीआरपीसारखी दाहाची प्रथिनं बनवतं, पेशींना इंधन मिळतं. बाहेरून येणारी डाळ बंद केली तर सांधा उपाशी राहत नाही, तुमचा दंड उपाशी राहतो. पिठाचा डबा उतरवता येत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे. कित्येकदा वजनकाट्यावर हे दिसतही नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते.

कडक उपवासात काही रुग्णांची सूज काही दिवस खरोखर उतरते. घरच्यांना अनुभव आला असेल तर तो खोटा नाही. पण जेवण सुरू झालं की बहुतेकांची सूज परत येते. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहून ती कायमची उतरत नाही, तोवर स्नायू मात्र गेलेले असतात. एखादा ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होत असेल तर तेवढा सोडा. वाल बाधतात? वाल सोडा. संपूर्ण डाळीचा डबा फळीवर ठेवून द्यायचं कारण नाही. आणखी एक घोळ मला फार घरांत दिसतो. युरिक ॲसिड वाढून होणारा गाऊट आणि तुमचा आमवात हे दोन वेगळे आजार आहेत. गाऊटची पथ्यं उचलून आमवाताला लावायची नाहीत.

आता मुलाच्या डब्यांकडे येते. अर्जिनीनची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमवाताने सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी काढून प्रयोगशाळेत येतं तेव्हा ते डोळ्यांनीच ओळखता येतं. निरोगी सांध्यातलं वंगण स्वच्छ, फिकट पिवळसर आणि चिकट असतं. सुईच्या टोकाशी थेंब सोडला तर लांब तार धरतो. दाहातलं पाणी गढूळ असतं आणि थेंब पाण्यासारखा टपकन पडतो. निरोगी वंगणाच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी दोनशेच्या आत असतात, आमवातात त्या दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात. इतक्या पेशी एवढ्याशा जागेत, आणि सगळ्या भुकेल्या. तिथे अर्जिनीन पोचलं की ते कोणाच्या हाती पडतं यावर पुढचं सगळं ठरतं.

चिथावलेल्या भक्षक पेशीने ते घेतलं आणि तिच्यात नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम चालू असेल, तर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा जंतू मारणारा आणि ऊतींनाही भाजणारा वायू तयार होतो. त्याच कुळातल्या पण डागडुजीच्या अवस्थेतल्या भक्षक पेशीने घेतलं तर अर्जिनेज हे दुसरं एन्झाइम त्याचं ऑर्निथिन करतं, आणि त्यापासून पुढे जखम भरण्याचा माल बनतो. हा दुपेडी मार्ग उंदरांमध्ये फार ठळक दिसतो. माणसाच्या भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड त्या मानाने कमी बनवतात, आणि आपल्यात अर्जिनेजचा मोठा साठा असतो तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणांमध्ये. न्यूट्रोफिल मेल्या की तो बाहेर सांडतो आणि आसपासचं अर्जिनीन संपवतो. अर्जिनीन संपलं की शेजारच्या टी पेशींना विभागता येत नाही. म्हणजे सुजेच्या ठिकाणी एकच अमिनो आम्ल कुठे आग लावतं, आणि त्याचीच टंचाई कुठे आग विझवते. दोन्ही एकाच वेळी, काही मिलिमीटरच्या अंतरावर.

अशा ठिकाणी चमचाभर पावडर तोंडाने घेऊन आपण काय साधणार? त्यातली बरीच आतडं आणि यकृतच वापरून टाकतं. उरलेली सगळ्या शरीरभर जाते. ती कोणत्या पेशीला द्यायची हे तुम्हाला-मला ठरवता येत नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं मुलगा म्हणेल. त्याला या दोन चाचण्या सांगा. २००६ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना अर्जिनीन दिलं गेलं. अर्जिनीनच्या गटात ६ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातल्या १,२२३ अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ग्लुटामिन मिळालेल्यांपैकी शंभरात ३७ रुग्णालयातच दगावले, न मिळालेल्यांपैकी ३१. हे रुग्ण आमवाताचे नव्हते आणि तुम्ही अत्यवस्थ नाही, हे मान्य. पण एकेकटं अमिनो आम्ल मोठ्या मात्रेत दिलं की ते औषधासारखं वागतं, आणि औषधाला अपाय असतोच.

डाळीत, दुधात, अंड्यात ही सगळी आम्लं एकत्र, प्रमाणात आणि सावकाश येतात. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. तुमच्यासाठी ते होतात सुमारे ४० ग्रॅम, आणि दीर्घ दाहाच्या आजारात त्याहून थोडी जास्त असलेली बरी. तुमच्याच स्वयंपाकघरातला हिशेब मांडते. दोन्ही वेळची मिळून ६० ग्रॅम कच्ची डाळ, त्यातून १३ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, १० ग्रॅम. एक अंडं, ६ ग्रॅम. पेलाभर दूध किंवा तेवढंच दही, ६ ग्रॅम. भाजीत, चटणीत मूठभर शेंगदाण्याचा कूट, ६ ग्रॅम. झाले ४१. याला डबा लागत नाही. मुगाच्या पाण्यात मात्र मूग नसतो, तेव्हा ते पाणी पुरे, खालचे मूग खा.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तातली खूण) वाढलेलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मेथोट्रेक्सेटमुळे तुमच्या रक्ताच्या तपासण्या होतच असतील, त्यात ते दिसेल. आणि नुसत्या खाण्याने दंड भरणार नाहीत. सूज कमी असेल त्या काळात फिजिओथेरपिस्टकडून ताकदीचे हलके व्यायाम शिकून घ्या. स्नायूला वापर झाल्याचं कळलं तरच तो आलेला माल ठेवून घेतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी हे पथ्य काळजीपोटी धरलं आहे. त्याच काळजीने त्यांनी आता तुमच्या ताटात वरणाची वाटी ठेवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

प्रश्न : बाबांची आमवातासाठी केलेली अँटी-सीसीपी तपासणी खूप जास्त आली. डॉक्टरांनी सांगितलं की शरीर सिट्रुलिनविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय. इंटरनेटवर वाचलं की कलिंगडात सिट्रुलिन भरपूर असतं. बाबांना कलिंगड अतिशय आवडतं. बंद करावं का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : खाऊ द्या. सिट्रुलिन हेही एक अमिनो आम्ल. कलिंगडात ते सुटं असतं हे बरोबर आहे, आणि त्याचं मूत्रपिंडात अर्जिनीन होतं. बाबांच्या अँटिबॉडी ज्याला धरतात ते सुटं सिट्रुलिन नव्हे. आधीच तयार झालेल्या प्रथिनाच्या साखळीत जिथे अर्जिनीन होतं, त्याचं तिथल्या तिथे एका एन्झाइमने सिट्रुलिन केलेलं असतं. साखळीचा आकार आणि विद्युतभार बदलतो आणि प्रतिकारशक्तीला ते प्रथिन परकं वाटायला लागतं. खाल्लेलं सिट्रुलिन अशा साखळीत शिरूच शकत नाही, कारण प्रथिनं बनवण्याच्या जनुकीय लिपीत सिट्रुलिनसाठी अक्षरच नाही.

हा बदल कुठे घडतो ते मात्र लक्षात घ्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसात आणि जुनाट आजार असलेल्या हिरड्यांत तो होत असल्याचे चांगले पुरावे आहेत. कित्येकांच्या रक्तात या अँटिबॉडी सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून असतात. तेव्हा बाबा विडी-सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद करा, आणि दाताच्या डॉक्टरांना हिरड्या दाखवा. तुमची सगळी दक्षता तिकडे वळवा. मधुमेह असेल तर कलिंगडाची फोड मोजून, तो मुद्दा वेगळा.

प्रश्न : मी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेथोट्रेक्सेट हे फॉलिक ॲसिडच्या विरोधी औषध. मग आमवातात मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक ॲसिडची गोळी का देतात? एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं, याला काय अर्थ? काही रुग्ण आम्हाला दुकानात हाच प्रश्न विचारतात. – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात असला की शिकवायला हुरूप येतो.

सेरीन या अमिनो आम्लापासून सुरुवात कर. विभागणाऱ्या पेशीला डीएनए दुप्पट करावा लागतो, त्यासाठी प्युरीन आणि थायमिडिन हे डीएनएचे घटक लागतात, आणि त्यांच्या रचनेत एकेक कार्बन बसवावा लागतो. तो कार्बन मुख्यतः सेरीनकडून येतो. सेरीन आपला एक कार्बन काढून देतं आणि त्याचं ग्लायसीन होतं. हा कार्बन उचलून इकडून तिकडे नेण्याचं काम फोलेट (फॉलिक ॲसिडचं शरीरातलं रूप) करतं. उंदरांच्या आहारातून सेरीन आणि ग्लायसीन काढून टाकलं तर संसर्गाच्या वेळी टी पेशींची वाढ मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे मेथोट्रेक्सेट हे अमिनो आम्लाच्या एका वाटेवरच घातलेली आडकाठी आहे. तुमच्या पुस्तकात ते कर्करोगाच्या प्रकरणात असतं म्हणून ही बाजू झाकली जाते.

कर्करोगात मात्रा प्रचंड असते आणि पेशी विभागूच नये हा हेतू असतो. आमवातात आठवड्यातून एकदा ७.५ ते २५ मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेत डीएनएची कोंडी हे मुख्य काम राहत नाही. औषध पेशीत गेलं की त्याला ग्लुटामेटची शेपटी जोडली जाते, तीही अमिनो आम्लाचीच, आणि त्यामुळे ते पेशीत आठवडेच्या आठवडे टिकतं. तिथे ते प्युरीन बनवण्याच्या वाटेवरचं शेवटाकडचं एक एन्झाइम अडवतं, एआयकार नावाचा पदार्थ साचतो, आणि त्यातून पुढे पेशीबाहेर ॲडिनोसिन वाढतं. ॲडिनोसिन दाह शमवतं. आमवातातल्या परिणामाचा मोठा भाग असा येतो, असं आज मानलं जातं. फॉलिक ॲसिडची गोळी या शेपटीवाल्या औषधाला पेशीतून सहज हुसकत नाही. पण तोंड, आतडं, अस्थिमज्जा इथल्या रोज विभागणाऱ्या निरोगी पेशींची गरज ती भागवते. त्यामुळे तोंड येणं, मळमळ, यकृताची एन्झाइम वाढणं कमी होतं आणि औषधाचा गुण फारसा उणावत नाही. साधारणतः मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून ती देतात.

या औषधाच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो, तो तुला माहीत असावा. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय होता, त्याचा शोध तिला घ्यायचा होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करत असताना तिने उंदीर आणि माकडं यांवर आहाराचे प्रयोग केले. यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त काळ्या लेपाने हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये छापलं. त्या लेपातला अज्ञात घटक पुढे फॉलिक ॲसिड ठरला. आंध्रातल्या भीमवरममध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवलं, आणि मग त्याचे विरोधी रेणूही. त्यातलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. १९५१ मध्ये तेच आमवात आणि सोरायसिसच्या रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. आमवातासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळायला १९८८ उजाडलं. मुंबईच्या गिरणी कामगार बायकांचं रक्त या कहाणीच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते आपल्या अभ्यासक्रमात कुठेही सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

दुकानात उभा राहशील तेव्हा एक गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांग, गर्दी असली तरी : ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. पाकिटावर 'रोज नाही, फक्त बुधवारी' असं मराठीत, ठळक, पेनाने लिही. फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी आणि बारीकशीच असते. दोन्ही वेगळ्या पाकिटांत दे.

प्रश्न : वय २९, क्रोन्स आजार. औषधं चालू आहेत, पण सीआरपी अजून जास्तच येतो. पोटापेक्षा थकवा आणि उदासी यांनी हैराण झालोय. घरचे म्हणतात मन खंबीर कर. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन बनतं असं वाचून ५-एचटीपीच्या (त्या दोहोंमधल्या पदार्थाच्या) गोळ्या ऑनलाइन मागवणार आहे. आजी सोलापूरकडची, ती ज्वारीची भाकरी देते. ज्वारीने ट्रिप्टोफॅनचा घोळ होतो असंही वाचलं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या उदासीत मनाचा कमकुवतपणा नाही, हे तुमच्या घरच्यांनीही वाचावं म्हणून इथे लिहिते. क्रोन्स म्हणजे आतड्याचा दीर्घ दाह. हा दाह डोक्यापर्यंत पोचतो आणि त्याचा एक रस्ता ट्रिप्टोफॅनमधूनच जातो.

अन्नात सगळ्यात तुटपुंज्या असणाऱ्या अमिनो आम्लांपैकी हे एक. त्यातला अगदी थोडा भाग सेरोटोनिनकडे जातो. शंभरातले नव्वदहून अधिक भाग कायन्युरेनिन नावाच्या वाटेने जातात. दाह सुरू झाला की टी पेशींकडून येणारा गॅमा-इंटरफेरॉन अनेक पेशींमध्ये आयडीओ हे एन्झाइम चालू करतो आणि ते ट्रिप्टोफॅन फोडायला लागतं. यात शरीराचा हेतू आहे. टॉक्सोप्लाझ्मासारख्या जंतूला ट्रिप्टोफॅन मिळालं नाही तर तो वाढत नाही. आणि दुसरा हेतू आपल्याच टी पेशींना आवर घालण्याचा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा इथे मन आणि मेलर यांच्या गटाने गाभण उंदरांना आयडीओ बंद करणारं औषध दिलं. ज्या गर्भांचा बाप वेगळ्या वंशाचा होता ते गर्भ आईच्या प्रतिकारशक्तीने नाकारले. आई-बाप एकाच वंशाचे होते तिथले गर्भ टिकले. मी वर्गात हा प्रयोग सांगायचे तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता व्हायची. वार (प्लॅसेंटा) आपल्या बाळाला आईच्या टी पेशींपासून वाचवते त्यात एका अमिनो आम्लाच्या टंचाईचा हात असतो, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुमच्या आतड्यात हाच लगाम सतत ओढला जातोय. जर्मनीतल्या कीलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आतड्याच्या दाहाच्या पाचशेहून अधिक रुग्णांचं रक्त तपासलं. ट्रिप्टोफॅन निरोगी लोकांपेक्षा कमी होतं, क्रोन्समध्ये जास्तच कमी, आणि सीआरपी जितका वर तितकं ते खाली. फुटलेल्या ट्रिप्टोफॅनमधलं कायन्युरेनिन मेंदूत शिरतं, आणि तिथे त्यापासून चेतापेशींना डिवचणारे पदार्थ बनू शकतात. पूर्वी हिपॅटायटिस-सीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या कित्येकांना औषधानेच नैराश्य यायचं, त्यांच्यातही कायन्युरेनिन वाढलेलं सापडलं होतं. सगळा थकवा यानेच येतो असं मी म्हणत नाही. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, अपुरी झोप, काही वेळा स्टेरॉइड हीही कारणं असतात आणि ती आधी तपासायला हवीत.

गोळ्या मागवू नका. सेरोटोनिनचा मोठा साठा डोक्यात नसून आतड्यातच असतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत आतड्यातलं वाढीव सेरोटोनिन दाह वाढवताना दिसलं आहे. नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांसोबत ५-एचटीपी घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. शिवाय अशा पूरक गोळ्यांच्या शुद्धतेची खात्री नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाच्या दूषित ट्रिप्टोफॅनमुळे स्नायूंचा एक भयंकर आजार पसरला. दीड हजाराहून अधिक लोक आजारी पडले, तीसहून अधिक मेले.

तुमचा सीआरपी अजून वर आहे, म्हणजे आजार अजून आटोक्यात आलेला नाही, आणि खरी चावी तिथे आहे. पोटविकारतज्ज्ञांना 'थकवा आहे' एवढंच सांगून थांबू नका. सीआरपीचे मागचे सगळे आकडे दाखवा आणि औषध बदलायचं का हे थेट विचारा. चालणं, सायकल जमेल तितकी ठेवा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं की व्यायामाने तयार झालेला स्नायू कायन्युरेनिनचं रूपांतर मेंदूत न शिरणाऱ्या पदार्थात करतो. आणि उदासीसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, दोन्ही उपचार एकत्र चालतात. रात्री-अपरात्री फारच जड वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आजीची भाकरी निर्धास्त खा. तुम्ही वाचलंत त्याचा उगम असा. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा दिसायचा. उन्हाला उघड्या अंगावर काळे चट्टे, जुलाब आणि बुद्धिभ्रम. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसीन त्याला कारणीभूत असावं. नायसिन हे जीवनसत्त्व शरीर ट्रिप्टोफॅनपासून बनवतं, ६० मिलिग्रॅममधून जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि त्या कामात ल्युसीन अडथळा आणतं असा त्यांचा विचार. तो सगळ्यांना पटला नाही. पण ते मजूर भाकरीबरोबर जवळजवळ काहीच खात नव्हते. तुमच्या ताटात आमटी आहे, दूध आहे. आतडं आकसलेलं असेल तर सालं आणि चोथा किती चालेल तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या इथे एका शिबिरात रक्तातल्या सगळ्या अमिनो आम्लांची तपासणी करून 'तुमच्यात कशाची कमी आहे' ते सांगतात आणि त्याप्रमाणे सप्लिमेंट देतात. पत्नीला सोरायसिस आणि सांधेदुखी आहे. करून घ्यावी का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. ही तपासणी खोटी नाही, तिची जागा वेगळी आहे. फिनाइलकीटोन्युरियासारखे जन्मजात दोष नवजात बाळात शोधायला ती अमोल आहे, वेळेवर झाली तर बाळाचा मेंदू वाचतो. मोठ्या माणसाच्या रक्तातले आकडे मात्र जेवण, वेळ, कालचा ताप यांनी हलतात, आणि सुजलेल्या सांध्यात किंवा त्वचेच्या चट्ट्यात काय चाललंय ते दंडातल्या शिरेतल्या रक्तावरून कळत नाही. जो तपासतो तोच विकतो, तिथे तर अधिकच जपून.

त्या पैशांत पत्नीला संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवा. सोरायसिस असलेल्याचे सांधे दुखायला लागले तर तो सोरायसिसचाच सांध्यांचा आजार असू शकतो, आणि त्यात उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होतात. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात, टाच दुखते का, एखादं बोट सगळंच्या सगळं सुजतं का, नखांवर बारीक खड्डे आहेत का, हे घरीच पाहून कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.